दोनशे सेहेचाळीसचं पान

३०३

आज तीनशे तीन. बाकीचं गाव मंगळवार, एकोणतीस ऑक्टोबर म्हणतं. म्हणू दे.

मी एकोणीस वर्षं लुश्टेन चीजच्या कारखान्यात दूध तपासत होते. तिथे महिना-तारीख कोणी लिहीत नाही. वर्षाचा कितवा दिवस, एवढंच. एक जानेवारी म्हणजे एक, आणि तिथून चढत जायचं. पाकिटावर मशीन तोच आकडा छापतं, टाकीवर खडूने तोच, शिफ्टच्या पानावर तोच. कारखाना सुटून एकवीस वर्षं झाली, सवय सुटली नाही. रोज सकाळी दात घासताना मी कालच्या आकड्यात एक मिळवते. हल्ली मी गावच्या वाचनालयात बसते. बसते म्हणजे काय, बसवत नाही. पुस्तकं इकडची तिकडे करत उभी असते.

दार धाडकन उघडून कोरीन हेफ्टी आत आली. अंगात कारखान्याचं निळं जाकीट. कामावरून काढल्यावर ते परत करायचं असतं. तिने केलं नव्हतं.

"वाच," तिने कागद माझ्यापुढे आपटले. "वाच आणि सांग, मी वेडी झालेय का."

"हळू बोल. वाचनालय आहे."

"इथे आहे कोण?"

"मी आहे."

पहिला कागद कंपनीचा. कामगार सुरक्षेच्या सरकारी ऑफिसला पाठवलेलं उत्तर, त्याची नक्कल. कोरीन हेफ्टी यांची जागा रद्द होत असून वीस सप्टेंबर हा त्यांचा शेवटचा दिवस असेल, हे त्यांना मंगळवार, तीन सप्टेंबरला तोंडी सांगण्यात आले होते. सूडाने कामावरून काढल्याची तक्रार सांगितल्यापासून तीस दिवसांत करायची असते. ती मुदत तीन ऑक्टोबरला संपली. त्यांनी तक्रार केली दहा ऑक्टोबरला. सात दिवस उशीर. सबब तक्रार फेटाळावी. खाली सही: रोलंड लुश्टेन, मालक.

"मला तीन सप्टेंबरला कोणीही काहीही सांगितलं नाही," कोरीन म्हणाली. "मला सांगितलं वीसला. शुक्रवारी, पावणेदोन वाजता. दोनला शिफ्ट संपते. अकरा वर्षं काम केलं आणि पंधरा मिनिटांत बाहेर!"

मी दुसरा कागद उचलला. शिफ्टच्या पानाची झेरॉक्स होती.

२४६. पहिली शिफ्ट. पॅकिंग. कोरीन एच.ला सांगितलं, जागा रद्द, शेवटचा दिवस २० सप्टेंबर. समजलं म्हणाली. व्ही. व्ही.

व्ही. व्ही. म्हणजे व्हर्लिन फोगेली, पॅकिंगचा फोरमन. आडनाव लिहितात 'व्ही'ने, म्हणतात 'फ'ने. सही त्याचीच. मी ती कारखान्यात रोज पाहिलेली.

३०३, अजून

कोरीनने काय केलं होतं ते सगळ्या गावाला माहीत आहे. पॅकिंगच्या खोलीत भिंतीवर एक भोंगा आहे. थंडाव्याच्या पाइपांतून अमोनिया गळला की तो वाजतो. तो सारखा वाजतो म्हणून कोणीतरी त्याची वायर काढून ठेवली. दुरुस्त करायचा पाइप, बंद केला भोंगा. कोरीनने दोनदा तक्रार केली, मग ऑगस्टमध्ये सरळ गावच्या अग्निशामक दलाच्या प्रमुखाला बोलावून ती लोंबती वायर दाखवली. महिन्याभरात तिची जागा 'रद्द' झाली.

"गेलच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन जानेवारीत आहे," ती म्हणाली. गेल तिचा नवरा, दुधाचा टँकर चालवतो. "विमा माझ्या नोकरीवर. मला नुकसानभरपाई नको, व्हर्ना. मला माझी जागा हवी, दोन नंबरच्या लाइनवरची."

सरकारी ऑफिसातल्या तपास अधिकाऱ्याला तिथूनच फोन लावला. प्रुइट नावाचा माणूस. सर्दी झालेली, बोलणं भरभर.

"मॅडम, मला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे. पण माझ्याकडे फोरमनच्या सहीचं पान आहे आणि त्यांच्याकडे फक्त शब्द. शुक्रवारी चारपर्यंत काही दाखवा. नाहीतर मुदतीबाहेर म्हणून फाइल बंद. भोंग्यापर्यंत मी पोचणारच नाही."

"आज मंगळवार."

"हो ना," असं म्हणून तो शिंकला.

फोन ठेवला. माझ्या पर्समध्ये अजून ते जुनं कार्ड आहे, कारखान्यात प्रत्येकाला मिळायचं ते. आडवे महिने, उभ्या तारखा, चौकटीत दिवसाचा आकडा. पर्सच्या पारदर्शक कप्प्यात ते वर्षानुवर्षं एकाच बाजूने बसलेलं. सप्टेंबरवर बोट ठेवलं, तीनवर आणलं.

२४६.

बरोबर बसत होतं. मी कोरीनकडे पाहिलं, आणि तिला दिसलं की मी कशी पाहतेय.

"तू पण?" ती म्हणाली.

३०४

मला झोप लागली नाही. खरं सांगायचं तर मला शंका आली. माणसं विसरतात. फोरमन मशीनच्या गोंगाटात काहीतरी पुटपुटतो, बाई मान हलवते, आणि घड्याळ तिथून सुरू होतं. शेवटच्या दिवसापासून नाही, शेवटच्या पगारापासून नाही. सांगितल्यापासून. हे मला जेवढं कळतं तेवढं गावात कोणाला कळत नसेल.

दुपारी चिली सपरच्या, म्हणजे वाचनालयाच्या गावजेवणाच्या, सोडतीची तिकिटं घेऊन कारखान्यात गेले. वाचनालयाची बाई तिकिटं घेऊन आली की तिला कोणी हाकलत नाही.

पुढच्या खोलीत एचआरची जॅनेल प्रॉब्स्ट. मिलवॉकीहून येऊन चार महिने झालेले, टेबलावर कॅक्टस, केसांना चीजचा वास लागू नये म्हणून रुमाल.

"तुम्ही कोरीनकडून आलात ना?" ती म्हणाली. "गावात सगळे सगळ्यांकडून येतात. दोन तिकिटं द्या. मी जिंकले तर बक्षीस काय?"

"चीज."

"देवा!"

"ते पान तू पाठवलंस?"

"मी पाठवलं, पण काढलं नाही. मिस्टर लुश्टेननी आणून दिलं. मी म्हटलं, सगळ्या फाइलच्याच नकला पाठवू का, तर म्हणाले, नको, एवढंच. पान नंबर दोनशे सेहेचाळीस."

"पान नंबर?"

"वर लिहिलंय ना. का? काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि ते 'काही नाही' डोक्यात टोचत राहिलं.

मालकाच्या खोलीचं दार उघडंच होतं. रॉली लुश्टेन आणि मी एकाच वर्गात होतो. तो तेव्हाही बाकाच्या कडेला बसून बाकीच्यांना ढकलायचा. टेबल त्याच्या आजोबांचं, पलंगाएवढं, वर जाड काच. काचेखाली आजोबा आणि तांब्याची कढई असा फोटो, पहिल्या गिऱ्हाइकाचं पत्र, दिवसांचं पिवळं पडलेलं कार्ड, कोणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण. सगळं एकसष्ट सालचं. ती काच उचलायला दोन माणसं लागतात, आणि माझ्या एकोणीस वर्षांत ती कोणी उचलली नाही.

"व्हर्ना! पायाला भिंगरी आहे तशीच अजून. बस की."

"नको. तिकिटं."

त्याने पाच घेतली. पैसे मोजून काचेवर ठेवले आणि हात त्यावरच ठेवला.

"कोरीनला सांग, मनाला लावून घेऊ नको. कायदा मी केलेला नाही. तीस दिवस म्हणजे तीस दिवस. तुला तर चांगलं माहीत आहे." तो हसला. "तू कितव्या दिवशी गेली होतीस गं? तेहतिसाव्या ना?"

मी त्याच्या हाताखालचे पैसे ओढून घेतले.

हो, तेहतिसाव्या. दुधात औषधाचे अंश सापडलेला टँकर मी पास करायला नकार दिला, तेव्हा रॉलीच्या बापाने मला काढलं. मी शेवटच्या दिवसापासून मोजत बसले आणि घड्याळ चालू होतं सांगितल्यापासून. तीन दिवस उशीर, तक्रार फेटाळली. नंतर मला कोणी विचारलंच नाही की त्या दुधाचं काय झालं.

३०४, साडेतीन

व्हर्लिन शिफ्ट संपली की चौकातल्या दारूच्या गुत्त्यात पत्ते खेळतो. युकर. ब्रँडीचा ग्लास, आणि डावाचे गुण लिहायला कारखान्याचाच क्लिपबोर्ड, उलटा करून. मी समोरची खुर्ची ओढली. बाकीचे तिघे एकदम लघवीला गेले.

"खेळणार?" तो म्हणाला.

"तू कोरीनला कधी सांगितलंस?"

"पानावर आहे."

"पानाला नाही विचारत. तुला विचारतेय."

त्याने पत्ते पिसले. मोठे हात, सगळी बोटं थंडीने फुटलेली. "माझी सही आहे ना? मग झालं."

"कुठे उभी होती ती? लाइनवर? हात धुवायच्या नळाशी? काय म्हणाली?"

"समजलं म्हणाली."

"कोरीन? कोरीन हेफ्टी नुसतं 'समजलं' म्हणाली? व्हर्लिन, त्या बाईने एकदा हातमोजे एक साइज लहान आले म्हणून तुला पाऊण तास बडवलं होतं."

त्याच्या तोंडाचा कोपरा हलला. हसू नव्हतं ते. क्लिपबोर्ड सुलटा करून त्याने काखेत घातला आणि उठला. त्यावर चिकटवलेलं दिवसांचं कार्ड मला क्षणभर दिसलं. कार्ड जुनं, कडा काळ्या झालेल्या. टेप मात्र नवी, पांढरी स्वच्छ.

कशाला पाहिलं मी ते? पाहिलं आणि सोडून दिलं.

"शुक्रवारी चार वाजता फाइल बंद होतेय," मी त्याच्या पाठीला म्हणाले.

तो थांबला. वळला नाही. मग गेला. ब्रँडी अर्धी तशीच.

अर्जातले रकाने, मी पाठ केलेले

निर्णय तुम्हाला कधी कळला: ...............

कोणी सांगितला: ...............

त्या वेळी तिथे आणखी कोण होतं: ...............

(रकाना एवढा लहान असतो की त्यात फक्त तारीख मावते. खरेपणाला जागाच नसते.)

३०५

गुरुवार, हॅलोवीन. मुलं भुताखेतांचे कपडे घालून चौकात हिंडत होती. मी कोरीनच्या स्वयंपाकघरात, सिंकला टेकून उभी. ती ओव्हनच्या पत्र्यावर भोपळ्याच्या वड्या कापत होती, गरज नसताना. गेल फ्रिजमध्ये डोकं घालून.

"कोणालाच आधी माहीत नव्हतं का?" मी विचारलं. "लाइनवरच्या बायकांना?"

"कसं असेल? तुला आठवतं ना आपल्याकडे कसं असतं. कोणी सोडून जाणार कळलं की दोन आठवडे आधी पैसे जमवायला कागदाचा डबा फिरतो, केक येतो, नाव कोरलेली चीज कापायची फळी. डोनाच्या वेळी बँड होता, बँड! मला काय मिळालं? पावणेदोनला कळलं. लूने पट्ट्यावरून हाताला आला तो चेडरचा ठोकळा उचलला, तिघींनी मार्करने सह्या केल्या आणि माझ्या हातात कोंबला. रडत होती ती. मी त्याला अजून हात लावला नाही."

"आत्ता लागतोय," गेल म्हणाला. त्याने एका हातात ठोकळा आणि दुसऱ्या हातात सुरी धरली होती, आणि सुरीचं टोक बरोबर छापलेल्या पट्टीवर. "सँडविचला दुसरं काही नाहीये."

"थांब!"

मी इतक्या जोरात ओरडले की दारातली एक चिमुकली चेटकीण रडायला लागली.

ठोकळा हातात घेतला. लू, पॅट, मेरीबेथ. तीन वाकड्या सह्या. त्यांच्याखाली मशीनचा छाप.

२६४.

"हा वीस सप्टेंबरचा? नक्की?"

"माझ्या शेवटच्या दिवसाचा. त्याच दिवशी पट्ट्यावरून आलेला. का?"

वीस सप्टेंबर म्हणजे दोनशे चौसष्ट. मशीन छापतं, मशीनला कोणावर सूड घ्यायचा नसतो. वीसातून तीन गेले सतरा. दोनशे चौसष्टातून सतरा गेले...

मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. गेलच्या पावतीवर मोजलं.

दोनशे सत्तेचाळीस.

सेहेचाळीस नाही.

३०५, पाच मिनिटांनी

मी पर्समधलं कार्ड बाहेर काढलं आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा उलटं केलं.

३०५, दहा मिनिटांनी

"खाली बस," कोरीन म्हणाली.

"बसवत नाही. ऐक. कार्डाला दोन बाजू आहेत. एक साध्या वर्षाची. दुसरी ज्या वर्षी फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा असतो त्या वर्षाची. यंदा फेब्रुवारी किती दिवसांचा होता?"

"एकोणतीस," गेल म्हणाला. "एक दिवस जास्त टँकर चालवला."

"म्हणजे एक मार्चपासून प्रत्येक आकडा एकाने पुढे सरकला. तीन सप्टेंबर साध्या वर्षी दोनशे सेहेचाळीस. यंदा दोनशे सत्तेचाळीस. मी परवा चुकीच्या बाजूने पाहिलं आणि मला ते पान खरं वाटलं. ज्याने पान बनवलं, त्यानेही चुकीच्याच बाजूने पाहिलं."

"लिहिताना चूक होऊ शकते की," गेल म्हणाला. तो सरळ माणूस आहे.

"त्या दिवशी, त्या खोलीत उभं राहून? मशीन दर सहा सेकंदांनी तोच आकडा डोळ्यांसमोर छापत असताना? तिथे कोणी कार्ड बघतच नाही. कार्ड लागतं ते नंतर, दुसरीकडे बसून, मागचा दिवस शोधायचा असतो तेव्हा." मी आता स्वयंपाकघराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. "आणि कोरीन, यंदाचा दोनशे सेहेचाळीसावा दिवस कोणता? दोन सप्टेंबर. सोमवार."

कोरीनच्या हातातली सुरी पत्र्यावर पडली. "सप्टेंबरचा पहिला सोमवार. कामगार दिनाची सुट्टी."

"सुट्टी. दूध येतं, टाक्या चालतात, गाईंना सुट्टी कळत नाही. पण पॅकिंग?"

"बंद! कुलूप असतं!"

"म्हणून फाइलमध्ये पॅकिंगचं दोनशे सेहेचाळीसचं पानच नव्हतं. तो पान घालायला गेला, तीन सप्टेंबरची जागा शोधली, आणि त्याला ती रिकामी सापडली. त्याला वाटलं, वा, नशीब! एखादं खरं पान काढायची गरजच पडली नाही."

"त्याला म्हणजे कोणाला? व्हर्लिनला?"

व्हर्लिनला? मला ती नवी टेप आठवली. जुन्या कार्डावर नवी टेप. ज्याला रोज ते कार्ड लागतं, तो एक मार्चला ते सोडवतो, उलटतो आणि पुन्हा चिकटवतो. व्हर्लिनचं कार्ड बरोबर बाजूने होतं. तो शोधून चुकला नसता. जॅनेल? तिला तो पान नंबर वाटतो. तिला कार्ड म्हणजे काय तेच माहीत नाही.

राहिलं कोण? ज्याचं कार्ड उलटताच येत नाही. ज्यावर दोन माणसांनी उचलायची काच आहे, आणि जे एकसष्ट सालच्या बाजूने पडून आहे. एकसष्टचा फेब्रुवारी अठ्ठावीसचा होता.

"रॉली," मी म्हणाले. "आजोबांच्या टेबलावर बसून."

३०६

शुक्रवार, आठ वाजता प्रुइटला फोन. त्याने मध्येच दोनदा थांबवून पुन्हा सांगायला लावलं. मग नाक ओढलं.

"हुशारी आहे," तो म्हणाला. "पण ते म्हणतील, नजरचूक. आकडा चुकला, सांगितलं तीनलाच."

"मग तीनचं पान मागवा. दोनशे सत्तेचाळीसचं. एका दिवसाची, एका शिफ्टची दोन पानं कशी असतील?"

"ते देतील?"

"मालकाकडे मागू नका. जॅनेलकडे मागा. दोनशे सेहेचाळीसनंतरचं पान, एवढंच म्हणा."

साडेनऊला फॅक्स आल्याचा त्याचा फोन आला. तिने दहा मिनिटांत पाठवलं होतं, वर 'आणखी काही लागलं तर कळवा' अशी चिठ्ठी. त्याने मला वाचून दाखवलं.

२४७. पहिली शिफ्ट. पॅकिंग. सगळे हजर. पट्टा दोनदा अडकला. ऑक्टोबरच्या शनिवारच्या जादा शिफ्टसाठी नावं घेतली: लू बी., कोरीन एच. व्ही. व्ही.

ज्या दिवशी तिला 'वीस सप्टेंबर तुझा शेवटचा दिवस' असं सांगितलं म्हणे, त्याच दिवशी, त्याच फोरमनने तिचं नाव ऑक्टोबरसाठी लिहून घेतलं होतं.

"हे चांगलं आहे," प्रुइट म्हणाला. "खूप चांगलं आहे. पण सेहेचाळीसच्या पानावर सही खरी आहे, हे तुम्हीच म्हणता. सही करणारा काय म्हणतो ते हवं. चारपर्यंत."

बारा वाजले. एक वाजला. व्हर्लिन फोन उचलेना. कोरीन खिडकीशी, जाकिटाची चेन खालीवर, खालीवर. दोनला शिफ्ट सुटली. मी चौकात जाऊन आले. पत्त्यांच्या टेबलावर तिघेच. अडीच. तीन. आज माशांच्या जेवणाचा वार, गावभर तळणाचा वास सुटलेला.

तीन वाजून अडतीस मिनिटांनी व्हर्लिन वाचनालयात आला. टोपी हातात. क्लिपबोर्ड काखेत.

"मला सदस्य व्हायचंय," तो म्हणाला.

"व्हर्लिन!"

"बरं." त्याने क्लिपबोर्ड टेबलावर ठेवला. कोरीनकडे पाहिलं नाही. "तक्रारीचं पत्र आलं त्याच आठवड्यात रॉलीने बोलावलं. पान लिहून तयार होतं. म्हणाला, सही कर, नुसता कागद पूर्ण करायचाय. केली."

"आकडा बघितला होतास?"

"पंचवीस वर्षं रोज लिहितोय तो आकडा, व्हर्ना."

"म्हणजे बघितला होतास."

"काच दिसत होती समोर. त्याचं बोट त्या कार्डावर. मला वाटलं, सांगावं, अहो, ती बाजू यंदाची नाही. मग वाटलं, असू दे. कोणीतरी मोजेल."

"असू दे?" कोरीन पहिल्यांदाच बोलली. आवाज फार लहान होता. "तू मला माझ्या सहा आठवड्यांच्या झोपेबद्दल 'असू दे' म्हणतोस?"

"दोन वर्षं राहिलीत गं निवृत्तीला."

"आणि कोणी मोजलंच नसतं तर?" मी म्हणाले.

तो टोपीच्या आतली शिवण पाहत राहिला. चूक त्याने मुद्दाम ठेवली की नुसता गप्प बसायला ती एक सोयीची जागा सापडली, हे मला तेव्हा कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

भिंतीवरचं घड्याळ: पावणेचार. मी नंबर फिरवला आणि रिसिव्हर त्याच्यासमोर धरला. तो तसाच. फुटलेली बोटं टोपीवर. पलीकडून प्रुइट "हॅलो? हॅलो?" करतोय.

कोरीनने पुढे होऊन त्याच्या हातातली टोपी काढून घेतली.

हात रिकामा झाल्यावर त्याने रिसिव्हर घेतला.

"व्हर्लिन फोगेली," तो म्हणाला. "फोरमन. एक पान आहे, त्याच्याबद्दल सांगायचंय."

३०६, चार वाजून दोन मिनिटं

"तक्रार मुदतीत आहे," प्रुइट म्हणाला. "वीस सप्टेंबरपासून मोजलं, तक्रार विसाव्या दिवशी आली. फाइल उघडी राहतेय. आणि तो चीजचा ठोकळा, कृपा करून कोणी खाऊ नका."

फोन ठेवला. कोरीनने माझी बाही पकडली. "म्हणजे नोकरी मिळाली?"

"नाही. आतापर्यंत तुला 'कधी काढलं' तेवढंच विचारत होते. आता त्यांना 'का काढलं' ते विचारावं लागेल."

ती तिथेच, मुलांच्या पुस्तकांसमोरच्या छोट्या खुर्चीवर बसली. आणि मीही बसले. किती वर्षांनी कोण जाणे.

३५३

'का' विचारायला माणूस येणार म्हटल्यावर रॉलीच्या वकिलाने तडजोड केली. कोरीन आज सकाळी सहाला दोन नंबरच्या लाइनवर. जाकीट परत करायचा प्रश्नच आला नाही. भोंग्याची वायर जागेवर. कालच एकदा वाजला, आणि सगळे पळत बाहेर आले, बर्फात, हातमोज्यांसकट, आणि लू म्हणते, इतका सुंदर आवाज तिने कधी ऐकला नव्हता. व्हर्लिन वाचनालयाचा सदस्य झाला. पुस्तक एकही नेलेलं नाही.

जॅनेल सांगत होती, टेबलावरची काच उचलली म्हणे. दोन माणसं लावून.

२४६

या दिवसाचं पान कोणीतरी लिहायला हवं. खरं पान.

सोमवार. पॅकिंगला कुलूप. अग्निशामक दलाचा मक्याचा कार्यक्रम, चौकात मोठ्या पातेल्यात कणसं उकळत होती. वाढायला कोरीन, कोपरापर्यंत लोणी. गेल कणसं सोलत होता. मी रांगेत होते, आणि हे मी सगळे दिवस विसरून गेले होते.

माझ्या दोन माणसं पुढे रॉली लुश्टेन. त्याने दोन कणसं घेतली. कोरीनने तिसरं त्याच्या ताटात टाकलं, मालक म्हणून.

"भोंग्याचं बघा जरा," ती म्हणाली.

"बघतो, बघतो," तो तोंड भरलेलं असताना म्हणाला. हनुवटीवर लोणी ओघळलं, ते त्याने मनगटाने पुसलं, आणि जाता जाता मागे वळून हात केला.

"चल, कोरीन. उद्या भेटू."